उपहासलेखन शिकताना: नाशिकच्या नवोदितांसाठी मार्गदर्शन

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटले की नाशिककर एकमेकांना क्युसेकचा आकडा फारसा विचारत नाहीत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले, हे विचारतात. गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला? गोदाघाटावरची ती मूर्ती जागची हलत नाही, म्हणूनच तिच्यावरून पूर मोजता येतो. उपहासात्मक लेखन शिकू पाहणाऱ्याने पहिला धडा याच ठिकाणी घ्यावा, असे मला मनापासून वाटते. माणसांचे, संस्थांचे किंवा सत्तेचे वागणे किती घसरले आहे हे दाखवायचे असेल, तर लेखकाच्या मनात आधी एक न हलणारी खूण असावी लागते. ती खूण नसलेला लेखक फार तर टवाळी करू शकतो. टवाळीने वाचक घटकाभर हसतो, पण पाणी किती चढले आहे ते त्याला कळत नाही.

गेली काही वर्षे शहरातील होतकरू लेखकांचे लेख वाचताना मला जे दोष पुन्हा पुन्हा दिसले, त्यांतून हे मार्गदर्शन तयार झाले आहे. ज्यांनी आजवर एकही उपहासात्मक लेख लिहिलेला नाही, त्यांच्यासाठी ते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

मराठीत या प्रांतासाठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. उपरोध ही बोलण्याची रीत आहे: शब्द एक सांगतात, अर्थ उलटा असतो. उपहास हा हेतू आहे: एखाद्या दोषाला हास्यास्पद करून तो दोष म्हणून ओळखू येईल असे करणे. विडंबन म्हणजे एखाद्या प्रसिद्ध रचनेची किंवा शैलीची नक्कल करून तिचाच किंवा दुसऱ्या कशाचा तरी पोकळपणा दाखवणे. टोमणा एका व्यक्तीला मारलेला असतो आणि तो त्या दोघांपुरताच राहतो. शालजोडीतला मात्र चारचौघांत, आदराच्या आवरणातून दिला जातो, आणि उपहासकाराला शिकायची कला ती हीच. हिंदीत ज्याला ‘व्यंग्य’ म्हणतात तो शब्द मराठीत त्याच अर्थाने उसना घेऊ नये, कारण मराठीत ‘व्यंग’ म्हणजे उणीव किंवा शारीरिक दोष. शरीराच्या व्यंगावर हसणे आणि वागण्यातील दोषावर बोट ठेवणे यांतली रेघ तरी या गोंधळात पुसली जाऊ नये.

विनोदी लेखक आणि उपहासकार यांच्यात सीमारेषा पातळ आहे, तरी ती आहे. विनोदी लेखकाला विसंगती सापडली की त्याचे काम झाले. उपहासकाराची त्या विसंगतीविषयी तक्रार असते. सर्वांना ठाऊक असलेली, पण कोणीही मोठ्याने न बोललेली गोष्ट तो बोलता येईल अशा रूपात आणतो; आणि गोंडस शब्दांखाली दडवलेल्या कृत्याला त्याचे खरे नाव परत मिळवून देतो. सरळ बोलणे धोक्याचे असते तेव्हा तर हे काम फारच मोलाचे ठरते. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये पुण्यात ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले आणि वक्रोक्ती हेच त्याचे मुख्य शस्त्र ठरवले. वरवर इंग्रजी राज्याची स्तुती वाटावी असे वाक्य वाचकाच्या मनात नेमके उलटे उमटत असे. आपल्या जवळच्या भगूरचे सावरकर यांच्यासारखे त्या काळचे तरुण ते अंक वाचूनच वाढले. १९०८ मध्ये परांजपे राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले, आणि १९१० च्या वृत्तपत्र कायद्याखाली जामीन मागितला गेल्यावर ‘काळ’ बंद पडला. उलट बोललेल्या वाक्याचा सुलट अर्थ सरकारलाही समजत होता, हेच त्यावरून सिद्ध होते.

पहिली पायरी: उपरोध न वापरता एक वाक्य लिहा

लेखाला बसण्यापूर्वी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आपली तक्रार एका सरळ, गंभीर वाक्यात लिहावी. त्यात कोटी नको, प्रश्नचिन्ह नको, उलटा अर्थ नको. मी येथे एक काल्पनिक उदाहरण घेतो आणि पुढेही तेच वापरतो. एका वसाहतीने आपल्या आवारातून जाणाऱ्या नाल्यावर स्लॅब टाकून वाहनतळ बांधला आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात तळमजल्यांत पाणी शिरते. यावरचे सरळ वाक्य असे होईल: “नाल्याची वाट अडवली की पाणी घरात येते हे ठाऊक असूनही वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी आपल्या गाड्यांसाठी हा निर्णय घेतला आणि त्याची किंमत तळमजल्यावरच्यांना मोजावी लागली.”

हे वाक्य लिहिता आले नाही, तर लेखाची वेळ आलेली नाही. बहुतेक नवोदितांची अडचण येथेच असते. त्यांना चीड आलेली असते, पण ती नेमकी कशाची हे त्यांनी स्वतःला विचारलेले नसते. ‘सगळी व्यवस्थाच सडली आहे’ हे वाक्य या पायरीला चालत नाही, कारण सगळ्यांवर रोखलेली लेखणी कोणालाच लागत नाही. या सरळ वाक्यात तुमची खूणही दडलेली असते. वरच्या वाक्यातली खूण अशी की निर्णय घेणाऱ्याने निर्णयाची किंमत दुसऱ्यावर ढकलू नये. लेखात ती कोठेही लिहायची नाही, पण लेखातील प्रत्येक वाक्य तिच्यावरून मोजले गेले पाहिजे.

दुसरी पायरी: लक्ष्य निवडा, आणि कोण लक्ष्य नाही तेही ठरवा

उपहासाचे वजन सत्तेच्या दिशेने पडले पाहिजे. सत्ता म्हणजे केवळ मंत्रालय नव्हे. वसाहतीची कार्यकारिणी, लग्नाच्या बैठकीतला वरपक्ष, अडत्याची पट्टी आणि शाळाप्रवेशाचा अर्ज तपासणारी समिती यांनाही त्या त्या जागी सत्ता असते. उलट ज्याच्याकडे नकार देण्याचीही ताकद नाही, त्याच्यावर उपहास केला की तो छळ होतो.

कांद्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात कोणालाही समजेल. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि निर्यातशुल्काच्या अटींसह. या काळाविषयी लिहायला बसलेला शहरी नवोदित बहुतेक वेळा ‘रडवणारा कांदा’ या जुन्या कोटीपासून सुरुवात करतो. पण रडते कोण? लासलगावच्या बाजारात भाव क्विंटलने बोलला जातो आणि शहरातल्या हातगाडीवर किलोने. भाव चढला की किलोचा आकडा बातमीत येतो, पडला की क्विंटलचा आकडा बाजार समितीच्या आवारातच राहतो. ही दोन मापांची तफावत हाच येथे खरा विषय आहे, आणि लक्ष्य आहे तो ग्राहक, जो मिसळीच्या थाळीचे पैसे न मोजता देतो आणि कांद्याच्या किलोमागे वाढलेल्या दहा रुपयांवर तावातावाने बोलतो. त्याच्या तोंडून लिहिलेला लेख शेतकऱ्याच्या बाजूने बोलेल, जरी त्यात शेतकऱ्याचे नाव एकदाही आले नाही.

याबाबतीत माझ्याकडून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. अगदी सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात मला एका दाखल्यासाठी पाच खेपा घालाव्या लागल्या होत्या, आणि त्या रागात मी खिडकीमागच्या कारकुनाच्या अडखळत बोलण्यावर दोन ओळी लिहिल्या. लेख वाचणारे हसले. पुढे कळले की त्या खिडकीवर तीन माणसांचे काम एकटा माणूस करत होता आणि दाखला अडला होता तो एका नियमातल्या विचित्र अटीमुळे, जी त्याने केलेली नव्हती. लेखात ती अट कोठेच नव्हती. ज्याने अट घातली तो सुखरूप राहिला आणि ज्याच्या हातात काही नव्हते त्याच्या वाणीवर लोक हसले. तेव्हापासून मी प्रत्येक खर्ड्याच्या पाठीमागे दोन नावे लिहितो: कोणाला लागले पाहिजे, आणि कोणाला मुळीच लागता कामा नये.

बोलीविषयीही येथेच सांगतो. बागलाण, मालेगाव, कळवणकडे बोलली जाणारी अहिराणी शहरी लेखक हमखास हशा पिकवण्यासाठी वापरतात. अहिराणी बोलणारा माणूस भोळा किंवा मूर्ख असलाच पाहिजे, हे गृहीत धरून केलेले लेखन उपहास या नावाला पात्र नाही. तीच बोली शहरी भामटेगिरी आरपार पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी घाला, म्हणजे लेखाची दिशा बदलते. मात्र त्यासाठी बोली ऐकून, राहून, नीट आली पाहिजे.

तिसरी पायरी: वहीत पुरावा जमवा

उपहासात वाढवून सांगायचे असते, त्यामुळे माहिती कच्ची असली तरी चालते, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात वार्ताहरापेक्षा उपहासकाराला अधिक काटेकोर राहावे लागते, कारण एक आकडा चुकला की ज्याच्यावर लिहिले तो त्या आकड्याच्या आडून निसटतो आणि उरलेला सारा लेख खोटा ठरतो.

वहीचे दोन भाग करावेत. पहिल्यात तारखा, आकडे, ठराव आणि बैठकांचे इतिवृत्त. सार्वजनिक प्राधिकरणाच्या कागदांसाठी माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची असते. जुनी वृत्तपत्रे, स्मरणिका आणि अहवाल चाळण्याची सवय लावून घ्यावी. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आपल्या शहरात आहे. तेथील ग्रंथपालांना आपला विषय सांगून काय उपलब्ध आहे ते विचारावे.

दुसरा भाग शब्दांचा, आणि माझ्या मते तो अधिक मौल्यवान. ज्यांच्यावर लिहायचे त्यांचे नेहमीचे शब्दप्रयोग जसेच्या तसे टिपून ठेवावेत: ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘तांत्रिक कारणास्तव’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. फलकांवरचा मजकूर, निमंत्रणपत्रिकांची भाषा, सूत्रसंचालकाची विशेषणे, सत्काराच्या भाषणातील ठराविक उपमा, हे सगळे तेथे असावे. अडलेल्या चौकात उभे राहून लोक काय बोलतात ते टिपा आणि संध्याकाळी त्याच चौकाविषयीचे अधिकृत निवेदन वाचा. या दोन भाषांमधल्या अंतरात तुमचा लेख तयार उभा असतो.

चौथी पायरी: साधन निवडा

आपल्या अलंकारशास्त्राने ही साधने फार पूर्वी नावानिशी सांगून ठेवली आहेत, आणि नवोदिताने ती शाळेतल्या व्याकरणाच्या आठवणीतून बाहेर काढून हत्यार म्हणून हाती घ्यावीत.

सर्वांत आधी व्याजस्तुती शिकावी, म्हणजे स्तुतीच्या मिषाने निंदा. तिचे गुपित असे की स्तुती खऱ्या गोष्टीचीच करायची. वाहनतळाच्या उदाहरणात ‘कार्यकारिणी अत्यंत हुशार आहे’ ही स्तुती निकामी आहे, कारण तीत पुरावा नाही. ‘कार्यकारिणीने अवघ्या एका बैठकीत, हरकत घेणारे सभासद गावी गेलेले असताना, एकमताने निर्णय घेतला’ ही स्तुती काम करते. वस्तुस्थिती जशीच्या तशी आहे, फक्त तिला कौतुकाच्या सुरात मांडले आहे.

अतिशयोक्ती सोपी वाटते, पण नवोदितांच्या हातून तीच सर्वाधिक बिघडते. ते सगळेच वाढवतात. वाढवायची असते एकच गोष्ट, आणि बाकी सारे त्या एका गृहीतकातून काटेकोर तर्काने निघाले पाहिजे. १७२९ मध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी आयर्लंडमधील दारिद्र्यावर लिहिलेले निनावी पत्रक जगभर याच कारणासाठी अभ्यासले जाते. गरिबांची मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, असा भयंकर प्रस्ताव त्यात आहे. पण तो मांडणारा माणूस शांतपणे संख्या, खर्च आणि फायदा यांचा हिशोब करत राहतो. आणखी एक गोष्ट त्यात शिकण्यासारखी आहे. लेखकाला खरोखर हवे असलेले उपाय त्यात आहेतच, पण प्रस्तावक त्यांची यादी ‘असले काही मला सांगू नका’ अशा सुरात उडवून लावतो. आपली खरी मागणी पात्राच्या नकारातून वाचकापर्यंत पोहोचवणे ही अत्यंत उच्च दर्जाची युक्ती आहे, आणि ती मराठीत अजून पुरेशी वापरली गेलेली नाही.

अतिशयोक्तीच्या विरुद्ध टोकाला, मोठी गोष्ट मुद्दाम लहान करून सांगणे हे साधन आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ हे १८९९ चे नाटक पैशासाठी कोवळ्या मुली म्हाताऱ्यांना देण्याच्या रूढीवर आहे. त्यातल्या एका पदात पाऊणशे वर्षांच्या नवरदेवाच्या वयाला ‘अवघे’ हा एक शब्द लावलेला आहे, आणि त्या एका शब्दात सारी रूढी उघडी पडते. (२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, त्या रात्री तेथे याच नाटकाचा प्रयोग होता.) नवोदिताने आठवडाभर ‘अवघे’, ‘केवळ’, ‘किंचित’, ‘जरासे’ या शब्दांचा सराव करावा. रस्त्यावरच्या खड्ड्याला ‘किंचित सखल भाग’ म्हणून पाहावे आणि पुढचे वाक्य आपोआप कसे सुचते ते अनुभवावे.

विडंबनाला एक अट आहे: मूळ रचना वाचकाला तोंडपाठ असली पाहिजे. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने केलेली काव्यविडंबने गाजली, कारण त्या काळच्या कवितेचे चाळे वाचकांच्या कानात बसलेले होते. आज सर्वांना पाठ असलेल्या कविता कमी झाल्या आहेत. पण विडंबनाला कविताच हवी असे नाही. लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फलक, निविदा सूचना, हवामानाचा अंदाज आणि शाळेची सूचनावही या सर्वांचे साचे प्रत्येकाला माहीत आहेत, आणि साचा जितका निर्विकार, तितके त्यात घातलेले सत्य अधिक खुपते.

अन्योक्ती, म्हणजे एकाला उद्देशून दुसऱ्यालाच सुनावणे, हे साधन मी नवोदितांना लगेच सुचवत नाही. बैल, कावळा किंवा खुर्ची यांच्याशी बोलण्याच्या निमित्ताने लिहिलेल्या लेखात लेखक चटकन रूपकाच्या प्रेमात पडतो आणि ज्याला सुनवायचे तो बाजूलाच राहतो.

पाचवी पायरी: कोण बोलतो आहे ते ठरवा

उपहासलेखाचे यश बहुतांशी यावर ठरते, म्हणून येथे थोडे थांबू. लेखात बोलणारा माणूस लेखक स्वतः नसतो, असे समजून चालावे. ज्या दोषावर लिहायचे तो दोष अंगी असलेला, पण त्याची जाणीव नसलेला माणूस बोलता केला, की लेखकाला निंदा करावी लागत नाही. तो माणूस आपल्या तोंडाने सारे सांगून टाकतो.

ही परंपरा आपल्या नदीइतकी जुनी म्हणता येईल. गोदावरी नाशिकहून पैठणला जाते, आणि पैठणच्या एकनाथांनी आपल्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, संसाराला वैतागलेली बाई अशी कितीतरी माणसे बोलती केली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट उभे केले; ही मंडळी रूढींचे समर्थन करतात आणि त्यांच्या समर्थनातूनच त्या रूढींचे हसे होते. आणि आपल्या शहरात राहिलेल्या कुसुमाग्रजांनी ‘अखेर कमाई’ या कवितेत थोर पुरुषांचे पाच पुतळे मध्यरात्री एका चौथऱ्यावर आणून बसवले आणि प्रत्येकाला आपापल्या वाट्याला आलेल्या अनुयायांचे गाऱ्हाणे सांगायला लावले. चार पुतळ्यांची तक्रार अशी की आपण एका जातीपुरते उरलो. गांधींच्या वाट्याला तर सरकारी कचेऱ्यांच्या भिंतीच तेवढ्या आल्या. त्या कवितेत कोठेही हास्य नाही, पुतळे टिपे गाळतात, आणि तरीही तिच्याइतका भेदक उपहास मराठीत थोडाच सापडेल. उपहासाला हसू आलेच पाहिजे असे नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांनी ती कविता मोठ्याने वाचावी.

आता आपले वाहनतळाचे उदाहरण. एका विद्यार्थ्याने अशाच विषयावर पहिल्या खर्ड्यात दुतोंड्या मारुतीलाच बोलते केले होते. कल्पना आकर्षक होती, पण दोन वाचनांनंतर अडचण दिसली. वाचकाचे लक्ष देवाच्या तोंडी काय शोभते आणि काय शोभत नाही याकडे जाते, आणि नाला बुजवणारे मोकळे सुटतात. बोलणारा असा निवडावा की वाद झालाच तर तो तुमच्या विषयावर व्हावा. येथे वसाहतीचा सचिव निवडू आणि साचा वार्षिक अहवालाचा घेऊ:

“यंदाही आपल्या वसाहतीत पाण्याचे आगमन वेळेवर झाले, हे कळवण्यास आनंद होतो. गतवर्षी ते तिसऱ्या पायरीपर्यंतच पोहोचू शकले होते; परंतु नाल्यावर वाहनतळ उभारण्याच्या आपल्या दूरदर्शी निर्णयामुळे यंदा त्याने पाचवी पायरी गाठली. तळमजल्यावरील सभासदांना नदीकाठी घर घेण्याचा खर्च न करता नदीचा लाभ घरबसल्या मिळाला. याबद्दल त्यांच्याकडून आभाराचा ठराव अपेक्षित होता. तो अद्याप प्राप्त झालेला नाही. वाहनतळातील एकाही वाहनास इजा झाली नाही, याची सभेने नोंद घ्यावी.”

यात खरे काय आहे ते पाहा: तिसरी पायरी, पाचवी पायरी, वाहनतळ, आणि सुरक्षित राहिलेल्या गाड्या. खोटा आहे तो फक्त आनंद. सचिव दुष्ट नाही. त्याला गाड्या दिसतात, माणसे दिसत नाहीत, एवढेच. पहिल्या खर्ड्यात मी तळमजल्यावरच्या एका आजींचे पिठाचे डबे तरंगत गेल्याचे वाक्य घातले होते आणि ते गमतीदारही झाले होते, पण ते काढून टाकले, कारण तेथे वाचक आजींना हसला असता. शेवटचे वाक्य गाड्यांवर ठेवले, कारण पहिल्या पायरीतल्या सरळ वाक्याचा गाभा तोच होता.

सहावी पायरी: वाक्याची रचना आणि भाषेचा पोत

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि उपहासकाराला ही मोठी देणगी आहे. संपूर्ण वाक्य गौरवाच्या दिशेने चालवून अखेरच्या शब्दावर वळवता येते. ‘सन्माननीय पदाधिकाऱ्यांनी या गंभीर प्रश्नावर सखोल विचारविनिमय करून, सर्व बाजू तपासून, अखेर हात झटकले.’ येथे दोन गोष्टी एकदम घडतात: अर्थ शेवटी उलटतो आणि भाषा संस्कृतप्रचुर उंचीवरून रोजच्या बोलण्यावर उतरते. असे वाक्य लेखात एखाददुसरेच असावे. प्रत्येक परिच्छेदात आले तर वाचक वळणाची वाटच पाहू लागतो.

उद्गारचिन्ह टाळावे. उपरोधिक शब्द अवतरणचिन्हांत घालण्याची सवयही मोडावी, कारण ती चिन्हे वाचकाला ‘येथे उलटा अर्थ घ्या’ असे सांगतात आणि अर्थ शोधण्याचा त्याचा आनंद हिरावून घेतात. आदरार्थी बहुवचन मात्र मन लावून वापरावे. ज्याच्यावर लिहायचे त्याला ‘तो’ म्हणण्यापेक्षा ‘ते’ आणि ‘आपण’ म्हटलेले अधिक झोंबते, आणि लेखकाचा तोलही त्यामुळे सुटत नाही. पहिल्या लेखाची लांबी ६०० ते ८०० शब्दांच्या पुढे नेऊ नये.

सातवी पायरी: दोन वाचकांना द्या

एक वाचक विषय जाणणारा हवा आणि एक अगदी अनभिज्ञ. जाणणारा तुमच्या चुका काढील. अनभिज्ञ वाचकाला लेख वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: या लेखाची तक्रार काय आहे? त्याने दिलेले उत्तर पहिल्या पायरीतल्या वाक्याशी ताडून पाहावे. त्याला अहवाल खराच वाटला, तर खुणा कमी पडल्या आहेत. त्याला तुमचा राग जाणवला पण कारण सांगता आले नाही, तर पुरावा कमी पडला आहे. शक्य असल्यास लेख मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे तुमचा आवाज आपोआप चढतो, तेथे पात्र गेले आणि तुम्ही स्वतः बोलू लागलात, असे समजावे.

आठवी पायरी: कायदा समजून घ्या

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३५६ बदनामीविषयी आहे. पूर्वी हा विषय भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. ‘मी तर उलट बोललो होतो’ हा बचाव तेथे चालत नाही. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलेले आहे आणि उदाहरणही दिले आहे: अमुक माणूस प्रामाणिक आहे, त्याने घड्याळ कधीच चोरले नाही, असे म्हणून त्यानेच ते चोरले असा समज करून देणे. व्याजस्तुतीचे याहून नेमके वर्णन कोणत्या साहित्यशास्त्राच्या पुस्तकात मला आढळलेले नाही.

त्याच कलमात अपवादही आहेत. लोकहितासाठी केलेले सत्य विधान, लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेले मत, आणि लोकांच्या परीक्षणासाठी मांडलेल्या कृतीच्या गुणदोषांवरील मत यांना संरक्षण आहे. यातून नवोदिताने घ्यायचे ते असे: व्यक्तीच्या खासगी आयुष्यात शिरू नये, सार्वजनिक कृतीवरच लिहावे, आणि तिसऱ्या पायरीतली वही जपून ठेवावी. धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने दुखावण्याविषयी कलम २९९ आहे. सिंहस्थासारख्या विषयावर लिहिताना श्रद्धा आणि श्रद्धेच्या नावाने काढलेली कंत्राटे यांतला फरक प्रत्येक वाक्यात राखावा. प्रत्यक्ष नोटीस आली तर उत्तर स्वतः लिहीत बसू नये, वकिलाला गाठावे.

प्रसिद्ध झाल्यावर

लेखाच्या माथ्यावर ‘उपहासात्मक’ असे लहान अक्षरात लिहावे की नाही, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की नियतकालिकाच्या नेहमीच्या सदरात त्याची गरज नाही, पण भ्रमणध्वनीवरून सुटा फिरणारा मजकूर असेल तर तो शब्द असावा. वाहनतळाचा तो अहवाल सुटा होऊन फिरला, तर कोणीतरी तो खरा समजून त्या सचिवाला शोधायला निघेल. अशा वाचकाला दोष देऊ नये. त्याला सरळ, उपरोध न वापरता उत्तर द्यावे. आणि लेखातला एखादा आकडा खरोखरच चुकला असेल, पाणी पाचव्या नव्हे चौथ्या पायरीपर्यंत आले असेल, तर पुढच्याच अंकात, त्याच सदरात, मूळ लेखाइतक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापून घ्यावी, आणि ती मात्र सचिवाच्या नव्हे, स्वतःच्या नावाने लिहावी.